इगर्जीच्या विहिरीवरचं स्टेज

२२ जानेवारी १९५० रोजी, रविवारी, करवेलीच्या नाट्यमंडळाकडे वर्गणीचे दोनशे सतरा रुपये नऊ आणे जमले आणि त्या संध्याकाळपासून लिओनार्ड मिस्किटा जागेवर बसेनासा झाला. तसा तो एरवीही कुठे स्वस्थ बसत नसे. ठाण्याच्या एका गिरणीत तो फिटर होता. दिवसभर यंत्रांमधून फिरायचा, घरी आला की अंगणात फिरायचा, आणि जेवतानाही त्याच्या डाव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर फिडलचे सूर दाबत असायची. त्याची बायको बिट्रिस शेजारणींना सांगायची, "यांना पुरायला नेतील ना, तवा पेटी आपली आपण चालत जाईल."

पण या वेळी त्याच्या येरझाऱ्यांना कारण होतं. वर्गणी स्टेजसाठी होती, आणि स्टेज नेमकं कुठे उभारायचं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

करवेली हे घोडबंदरच्या रस्त्यापासून खाडीकडे आत गेलेलं गाव. निम्मी घरं आगऱ्यांची, निम्मी किरिस्तावांची. दोघांची भातखाचरं एका बांधाला लागून, आणि मिठागरावरची मजुरीही एकाच रांगेत उभं राहून घ्यायची. गावाच्या टोकाला जुनी इगर्ज होती. चर्चला दोन्हीकडचे लोक इगर्जच म्हणत. ती पोर्तुगिजांच्या अमदानीत बांधलेली. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा पाद्री होड्यांत बसून निघून गेले. मूर्ती गावकऱ्यांनी घरात लपवली आणि पुढे शेजारच्या गावात नवं चर्च झालं तेव्हा तिथे नेली. छपराचे सागवानी वासे कुणी उतरवून नेले याबद्दल गावात दर पिढीला नवा चोर सापडे. भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या आत लोक पेंढ्याच्या उडव्या रचत, भात वाळत घालत. लढाईच्या काळात लष्कराने तिथे पेट्रोलची पिंपं ठेवली. पिंपं गेली आणि नाथा केणीने तिथे नाटक आणलं.

नाथा मिठागरावर मुकादम होता आणि गावातला गाता गळा त्याचाच होता. देवळापुढच्या मैदानात नाटक केलं की खाडीवरचा वारा पदं उडवून न्यायचा. म्हणून अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीत त्याने इगर्जीच्या भिंतींचा आडोसा मागितला. किरिस्ताव म्हाताऱ्यांनी दोन अटींवर होकार दिला. वेदीच्या दगडी ओट्यावर कुणी चढायचं नाही, आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस उपासांच्या दिवसांत तिथे खेळ करायचा नाही. नाथाने दोन्ही अटी मान्य केल्या. त्या त्याने शेवटपर्यंत पाळल्या, हेही सांगायला हवं.

वेदीकडची बाजू अशी बाद झाली. लिओनार्ड चार-पाच दिवस इगर्जीत आतबाहेर करत राहिला आणि एकदा वेदीकडे पाठ करून उभा राहिला. समोर मोठ्या दरवाजाची कमान होती. प्रेक्षकांनी आत बसावं, कमानीतून बाहेर पाहावं आणि नाटक दरवाजाबाहेर व्हावं, असं त्याला सुचलं. कमान म्हणजे फुकटची चौकट. अडचण एकच होती. दरवाजाबाहेर जिथे स्टेज यायला हवं, बरोबर तिथेच इगर्जीची विहीर होती.

मंडळाचे सेक्रेटरी श्रीपाद गुर्जर ठाण्याच्या शाळेत मास्तर होते आणि नाटकं बसवायचे. ते म्हणाले, "विहीर बुजवून टाकू. पाणी तसंही मचूळ आहे, पितं कोण?"

"बुजवायची नाय, मास्तर. झाकायची," लिओनार्ड म्हणाला. त्याने तोंडावर दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि नाथाला म्हणाला, "चढ आणि गा."

"पडलो तं?"

"तर आतून गा."

नाथा चढला, एक ओळ गायला आणि मध्येच थांबला. आवाज त्याच्या पायाखाली जाऊन, भरून, पुन्हा वर आला होता आणि थेट वेदीपर्यंत पोचला होता. तिथे बसलेले म्हातारे मान वळवून बघायला लागले. "परत गातू," नाथा म्हणाला, आणि मग त्याला फळीवरून उतरवायला अंधार पडावा लागला.

स्टेज विहिरीवरच झालं. मधल्या दोन फळ्या मात्र खिळे न मारता सुट्या ठेवल्या, कारण ती विहीर पिण्याच्या कामाची नसली तरी लग्नाच्या कामाची होती. किरिस्तावांच्या घरी मुलीचं लग्न असलं की आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाच जणी पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. करवेलीच्या विहिरीकाठी उंबर अजून होतं. आता ते स्टेजच्या मागे पडद्यासारखं दिसायचं. गावच्या सगळ्या किरिस्ताव मुली याच पाण्याने न्हाऊन सासरी गेल्या होत्या. बिट्रिसही, बिट्रिसची आईही.

स्टेजचं नाव होत गेलं. कल्याणची मंडळी आली, डोंबिवलीच्या कारकुनांचा एक संच तर दरवर्षी यायला लागला. तिकडे त्यांना हॉल मिळत नसे आणि मिळाला तरी आवाज मिळत नसे. पुढे जिल्ह्याची नाट्यस्पर्धाच इगर्जीत भरू लागली. मधल्या दोन फळ्या मात्र नटाचा पाय पडला की खट् करून वाजत. पुढ्यात फिडल घेऊन बसलेल्या लिओनार्डला तो आवाज दाताखाली खडा आल्यासारखा लागे. चोपन्न साली त्याला तो सहन होईना. त्याने भिवा सुताराला गाठलं.

भिवा मचवे बांधणारा सुतार. त्याला जमिनीवरचं काम दिलं तरी तो ते पाण्यावरच्यासारखं करी. "वाजनार नाय असं करतो," तो म्हणाला. "पन मंग लग्नाला काय कराल?"

"लग्न निघेल तेव्हा बघू."

भिवाने फळीला फळी भिडवली, सांध्यांत कापूस ठोकला, वर राळ आणि तेल ओतलं, आणि स्टेजच्या बाजूही विटांनी बंद केल्या. मचव्याच्या तळासारखं स्टेज झालं. पाणी आत शिरणार नाही आणि आवाज बाहेर सांडणार नाही. त्यानंतर नाथा कुजबुजला तरी ते मागच्या रांगेला कळायचं. दोन वर्षं गावात किरिस्तावांची एकही मुलगी उजवली नाही, त्यामुळे भिवाचा प्रश्न कुणाला आठवला नाही.

मग लिओनार्डच्याच मुलीचं, अँजेलाचं ठरलं. मुलगा उत्तनचा, थॉमस नावाचा, बोटीवर कामाला. त्याची बोट फेब्रुवारीअखेर सुटायची होती आणि वर्षभर परतणार नव्हती. छप्पन्न साली उपास पंधरा फेब्रुवारीला लागत होते आणि उपासांत लग्न लागत नाही. तेव्हा बारा फेब्रुवारीचा रविवार धरला. उंबराचं पाणी शनिवारी, अकराला.

स्पर्धा खरं तर जानेवारीतच व्हायची होती. पण जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, संचारबंदी लागली, गाड्यांचा भरवसा राहिला नाही. श्रीपाद मास्तरांनी अंतिम फेरी पुढे ढकलली. उपासांत खेळ नाही, ही म्हाताऱ्यांची अट होतीच. उपासांआधीचा शेवटचा शनिवार धरला. तोही अकराच.

ही तारीख मंडळाच्या सूचनाफळ्यावर लिहिलेली लिओनार्डने पाहिली आणि सायकल तिथेच भिंतीला टेकवून तो घरी चालत गेला. सायकल त्याला दुसऱ्या दिवशी आठवली.

बिट्रिसने त्याचं बोलणं ऐकून घेतलं. ती मसाल्याची मिरची निवडत होती. "म्हंजे इहिरीवर नाटक आहे, म्हनून माज्या पोरीला पानी नाय?"

"नळाचं घेऊ. पाणी ते पाणी."

"नळाला उंबर आहे?"

अँजेला आतून म्हणाली, "आई, मला चालेल नळाचं."

"तुला इचारलं कोनी? तू फकस्त न्हायाचं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमीच ठोकलात ना? तुमीच काडा."

काढायचं म्हणजे करवतीने कापायचं, हे लिओनार्डला माहीत होतं. मचव्याचा तळ उघडतो तो असाच. आणि एकदा कापला की पूर्वीसारखा बसत नाही. फळ्या पुन्हा ठेवल्या तरी वाजणार, आणि फटींतून आवाज सांडणार. नाथा आता पन्नाशीच्या पुढे होता. त्या हिवाळ्यात मिठाच्या धुरळ्याने त्याचा गळा धरला होता. विहिरीशिवाय त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाणार नाही, हे लिओनार्डइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. स्पर्धा जिंकणारा संच मुंबईला खेळ करायला जायचा होता. नाथाने उभ्या आयुष्यात मुंबईत एक पद म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात लिओनार्डला कुठेच चैन पडेना. गिरणीत त्याने एक पट्टा उलटा चढवला आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी स्टेजवर जाऊन गुडघे टेकून बसायचा, बोटाच्या पेराने फळ्या ठोकायचा, खालून येणारा घुमारा ऐकायचा आणि उठून जायचा. शेजारच्या गावातली विहीर बघून आला. ती कारखान्याच्या कुंपणात गेली होती. भिवाकडे गेला.

भिवा म्हणाला, "सोपं आहे. बाजूची दोन हात भिंत फोडतो. खालून सरपटत जायाचं, घागर सोडायची, वर काढायची. स्टेजला धक्का नाय. मागाहून ईट लावून टाकतो."

लिओनार्ड धावतच घरी गेला. बिट्रिसने विचारलं, "सरपटनार कोन?"

"पाच बायका."

"सोनं घालून, शालू नेसून, पोटावर? चोरांची वरात निघाल्यागत? बॅन्ड कुठं वाजवनार, पाठीवर?"

हे आवडाबाईने ऐकलं. ती नाथाची बायको. पाच जणींत एक आगरीण असावी असा बिट्रिसच्या घरचा जुना रिवाज होता आणि या वेळी मान आवडाबाईचा होता. ती हसून हसून खाली बसली. "माजा नवरा वर गानार न मी खाली सरपटनार," ती म्हणाली. "पन्नास वर्सांत नय केलं त्यो आता करू?"

हसणं संपल्यावर लिओनार्डने तिला हळूच विचारलं, "नाथाला विचारू का?"

आवडाबाई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "इचारशील तं त्यो ‘नाय’ बोलंल. मंग तुजी दोस्ती जाईल. नको इचारूस."

श्रीपाद मास्तरांना मात्र त्याने विचारलं. मास्तर समजूतदार माणूस होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. ती त्याने घेतली नाही. "लिओनार्ड, तुमची अडचण मला समजते," ते म्हणाले. "पण डोंबिवलीची मंडळी याच स्टेजवर विश्वास ठेवून येतात. आयत्या वेळी ते मोडलं तर स्पर्धाच रद्द करा म्हणतील. पाणी सोमवारी काढा."

"लग्न रविवारी आहे, मास्तर."

"मग पाण्याचं तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी लिओनार्डने गिरणीत रजा टाकली. दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, तो भिवाला घेऊन स्टेजवर चढला. खडूने चौकोन आखला. भिवाने करवत लावली आणि थांबला. "मंडळानं सांगितलंय?"

"मी सांगतो."

"तू म्हंजे मंडळ नाय."

"नाय," लिओनार्ड म्हणाला. "काप."

राळ सुकून दगड झाली होती. करवत तापून धूर निघाला. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा खालून थंड, बंद हवेचा एक झोत वर आला. पाणी होतं. काळं दिसत होतं, पण काढून बघितलं तर स्वच्छ होतं. लिओनार्ड घागर हातात धरून उभा होता आणि समोर कमानीत नाथा उभा होता. तालमीसाठी लवकर आला होता. डोक्यावर नाटकातला फेटा अर्धा बांधलेला.

नाथा वर आला. भोकाच्या काठावर बसला, आत वाकून बघितलं. त्याने आत एक बारीक सूर सोडला. तो सूर खाली गेला, थोडा घुमला आणि भोकातून सरळ आभाळाकडे निघून गेला. इगर्जीत काहीच गेलं नाही.

"मला इचारलं आसतंस तं मी नाय बोललू आसतू," नाथा म्हणाला.

"म्हणून नाही विचारलं."

"बरा केलास." त्याने फेटा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. "नाय बोललू आसतू तं आवडानं मना जेवाला घातला नसता. न हो बोललू आसतू तं मी सोताला माफ केला नसता. आता ह्ये तुज्या डोक्यावर." मग भिवाला म्हणाला, "पानी काढून जाला का लगेच झाक. घोंगडी-बिंगडी घाल फटीत. वाजली तं तुला आत टाकीन."

संध्याकाळी पाचला बॅन्ड निघाला. पुढे क्लॅरिनेट, मागे ढोल, मध्ये पाच जणी. चौघींच्या गळ्यांत सोनं आणि आवडाबाईच्या डोक्यावर घागर. इगर्जीच्या बाजूच्या दाराने वरात आत शिरली. डोंबिवलीचा संच वेदीकडे तोंडाला रंग लावत बसला होता. त्यांच्यातली चित्रा नावाची नटी अर्धा चेहरा रंगवलेला तशीच उठून बघत राहिली. बायका स्टेजवर चढल्या. दोर सोडला, गाणं म्हटलं, पाणी वर आलं. बिट्रिसने पहिली घागर उचलली तेव्हा ती कुणाकडेच बघत नव्हती. लिओनार्ड बॅन्डच्या मागे फिडल वाजवत होता, आणि वाजवता वाजवता त्याचे डोळे पुन्हा पुन्हा त्या भोकाकडे जात होते. अँजेलाला मांडवात बसवून न्हाऊ घातलं. पाणी मचूळ होतं, डोळ्यांत गेलं, ती रडली आणि सगळ्या म्हणाल्या की रडायचंच असतं.

डोंबिवलीचा खेळ आधी झाला. त्यांच्या नाटकात पदं नव्हतीच, त्यामुळे त्यांना फारसं बिघडलं नाही. मग करवेलीचा पडदा उघडला. भिवाने फटींत घोंगडीचे तुकडे कोंबले होते, तरी पहिल्याच प्रवेशात फळी वाजली आणि पोरंटोरं हसली. एरवी स्टेजभर फिरून गाणारा नाथा एका शाबूत फळीवर जाऊन उभा राहिला आणि तिथून हलला नाही. गळ्याच्या शिरा ताणून गात होता. आवाज तिसऱ्या रांगेशी येऊन बसत होता. ते लिओनार्डला ऐकू आलं आणि त्याने फिडल उतरवत उतरवत इतकं बारीक केलं की गज तारेवरून नुसता जात होता. शेवटच्या पदाला तर त्याने गज मांडीवर ठेवला आणि नाथाला एकट्याला गाऊ दिलं. त्याचे पाय मात्र खालच्या दगडावर एकसारखे चाळवत होते.

परीक्षकांनी निकाल डोंबिवलीच्या बाजूने दिला. करवेलीबद्दल म्हणाले, गायक नट एका जागी खिळून राहिला आणि साथ फार दबलेली वाटली. श्रीपाद मास्तरांनी निकाल वाचून दाखवला तेव्हा लिओनार्ड तिथे नव्हता. तो मांडवात घागरी मोजत नव्हता, जेवतही नव्हता. गावाबाहेरच्या बांधावर इकडून तिकडे चालत होता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नाथा सहकुटुंब आला, पोटभर जेवला, थॉमसच्या काकांबरोबर नाचला आणि बसलेल्या गळ्याने दोन गाणी म्हणाला. नाटकाचा विषय त्याने काढला नाही. लिओनार्डने एकदा काढायचा प्रयत्न केला. नाथा म्हणाला, "आज पोरीचं लगीन हाय रं. ह्ये तळलेलं फुगिया घे न खा. त्यो इषय मीटिंगला."

मीटिंग पुढच्या रविवारी झाली. मंडळाची मालमत्ता परवानगीशिवाय कापल्याबद्दल लिओनार्डला एक वर्ष साथीत बसू द्यायचं नाही, असा ठराव मास्तरांनी मांडला. नाथाने ठरावाच्या बाजूने हात वर केला. लिओनार्डनेही केला. मास्तरांनी त्याला सांगितलं की ज्याच्यावर ठराव आहे त्याचं मत धरत नाहीत.

त्या वर्षीचे खेळ त्याने तिकीट काढून, मागे भिंतीपाशी उभं राहून पाहिले. खुर्ची रिकामी असली तरी तो बसत नसे. सत्तावन्न साली त्याला परत बोलावलं आणि तो फिडल घेऊन गेला. स्टेजवर आता भिवाने बिजागऱ्यांचं झाकण बसवलं होतं. झाकण वाजत नसे, पण पूर्वीचा घुमारा पुन्हा कधी आला नाही, आणि नाथाने गायच्या भूमिका हळूहळू सोडून दिल्या. बापाच्या भूमिका करू लागला. त्या तो चांगल्या करी. उपासांनंतर लग्नं निघाली की झाकण उघडत, बायका पाणी नेत. अँजेलाला मुलगी झाली तेव्हा बिट्रिस म्हणाली, हिच्या वेळेला झाकणाला तेल घालून ठेवा. लिओनार्ड तेव्हाच तेलाचा डबा घेऊन निघाला होता. तिने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

भिवाच्या मजुरीचा हिशेब मात्र तसाच राहिला. झाकण बसवल्याचे पैसे मंडळाने दिले. स्टेज कापल्याचे देणार नाही म्हणाले, कारण ते काम मंडळाने सांगितलं नव्हतं. लिओनार्ड द्यायला गेला तर भिवा घेईना. स्टेज मंडळाचं, तेव्हा पैसे मंडळानेच द्यायला हवेत, असं त्याचं म्हणणं. १९५८ संपलं तेव्हा भिवा सुताराला दोन रुपये चार आणे येणं होतं.